मास्तरांनी चुकवलेले खड्डे

४ जानेवारी

नाही, थांबा. आधी मला हे सांगा, ‘तुमचं यंत्र खोटारडं आहे’ असं सरकारी तक्रारीच्या फॉर्मवर लाल शाईने कोण लिहितं? बरं, लिहिलंत. मग खाली सही तरी करायची! तिथे काय, तर ‘एक त्रस्त नागरिक’. मामा, तुमचं अक्षर मी झोपेत ओळखेन. माझ्या चौथीच्या निबंधाच्या वह्या तुम्हीच भरल्यात.

आमच्या साहेबांनी तो फॉर्म सगळ्या ऑफिससमोर वाचून दाखवला. म्हणाले, “कोण हा म्हातारा?” मी म्हटलं, “असेल कुणी रिकामटेकडा.” काय करणार? नोकरीला आठच महिने झालेत. सख्ख्या मामाला ओळख दाखवायची तर आधी मामाने नीट वागायला हवं.

आता यंत्राबद्दल. परत एकदा सांगते, हळू सांगते. रस्ते किती खडबडीत झालेत ते मोजणं हे आमच्या खात्याचं काम. त्यासाठी एक गाडी आहे. तिच्या पुढच्या बंपरखाली, दोन्ही चाकांच्या रेषेत, दोन डोळे बसवलेत. गाडी जाते, डोळे खाली बघत जातात, आणि रस्ता संपला की एक आकडा बाहेर येतो. आकडा चारच्या खाली, तर रस्ता ठीक. सहाच्या वर, तर उखडून नवा करायचा. तुमच्या रस्त्याचा आकडा आलाय तीन पूर्णांक दोन. म्हणजे ठीक. म्हणजे तुमच्या आठ तक्रारी फाइलला लागल्या आणि फाइल कपाटात गेली.

मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये. पण यंत्राला मामा नसतो, मामी नसते, म्हणून त्याचं आपलं बरं चालतं. कुणाचं ऐकायचं मी?

मामीचा खोकला कसा आहे? खिडकी अजून बंदच ठेवता का?

तुमची,
(सही केलीय बघा. अशी करतात.)

---

८ जानेवारी

मोजपट्टे,

कानामागून आलीस आणि तिखट झालीस. त्यात माझ्या कानामागून काहीही आलं तरी मला कळत नाही. एक कान इंजिनाने खाल्ला, दुसरा प्रवाशांनी. म्हणूनच सांगतो, फोन करत जाऊ नकोस, पत्रच लिही. परवा तू फोन केलास तेव्हा मी अर्धा तास ‘बरं, बरं’ म्हणत होतो. नंतर ही म्हणाली, फोन केव्हाच कट झाला होता.

आता तुझ्या यंत्राची गोष्ट. एकतीस वर्षं बस चालवली मी. त्यातली बारा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. डेपोत मला नावाने कुणी ओळखत नव्हतं, नुसतं ‘मास्तर’. रस्ता कसा आहे ते मला सांगायला दोन डोळ्यांची गाडी लागत नाही. माझी कंबर सांगते.

पण तुला पुरावा लागणार. शिकलेली आहेस ना. तर घे पुरावा.

खिडकीच्या फळीवर मी स्टीलचा ग्लास ठेवतो, काठोकाठ भरून. तोच ग्लास, शिकवताना बसच्या डॅशबोर्डवर ठेवायचो तो. पाणी सांडलं की शिकाऊ ड्रायव्हरची फेरी पहिल्यापासून. तोच आता खिडकीत असतो. त्याला दोन बोटं लावून बसलो की खालून काय गेलं ते मी डोळे मिटून सांगतो. रिक्षा गेली तर पाण्याला नुसता शहारा येतो. बस आली की कापरं भरतं. ट्रक आला की फळी ओली. काल सकाळी नऊ ते बारा ग्लास चार वेळा भरावा लागला. हा आकडा लिहून घे. चार. तुझ्या हिशेबात चार म्हणजे ठीक, माझ्या हिशेबात चार म्हणजे घर हलतंय.

आणि सगळ्यात मोठा खड्डा बरोबर आमच्या खिडकीखाली आहे. प्रत्येक गाडी तिथे येऊन दबते, वळते, मग गुरकावून उठते, आणि उठते ती आमच्या घरात धूर सोडून. खिडकी बंद करून दोन वर्षं झाली. तुझ्या मामीचं शिलाई मशीन खिडकीशी आहे, कारण उजेड तिथे होता. आता भरदिवसा ट्यूब लावून शिवते. मागच्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाईकाच्या निळ्या पँटीला काळ्या दोऱ्याने टीप मारली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक पँट घेऊन गेलं, ही दिवसभर दोऱ्यांची रिळं वेगळी करत बसली.

खिडकीच्या फटीत ओलं फडकं लावतो आम्ही. पांढरं असतं. आठवड्याने जे होतं त्याचा तुकडा पाकिटात घातलाय. तो तुझ्या साहेबाला दे आणि सांग, रिकामटेकड्याने पाठवलाय.

मास्तर

*(कडेला, वेगळ्या अक्षरात: ग्लास चार वेळा नाही, तीन वेळा. एकदा ह्यांच्याच कोपराने सांडला. — मामी)*

---

१५ जानेवारी

मामा,

मामीचं ऑडिट वाचून फार बरं वाटलं. घरात एक तरी खात्रीचं यंत्र आहे.

तुकडा मिळाला. साहेबांना नाही दिला, प्रयोगशाळेत एक मैत्रीण आहे तिला दिला. तिने तो चिमट्याने उचलला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे इंजिनातून काढलंय का?” मी म्हटलं, “नाही, माझ्या मामीच्या खिडकीतून.”

तर ऐका. फक्त तुमच्यासाठी गाडी परत पाठवतेय. ‘शंका आल्याने फेरमोजणी’ असं मी फाइलवर लिहिलं. साहेबांनी विचारलं, कुणाला शंका आली? मी म्हटलं, मला. मामा, माझी पहिली शंका मी तुमच्यावर खर्च केलीय, लक्षात ठेवा.

मात्र अट आहे. पुन्हा आकडा तोच आला, तर तुम्ही यंत्राची लेखी माफी मागायची. काळ्या शाईने. पूर्ण सहीसकट. नाचता येईना अंगण वाकडं, असं आमच्याकडे एक जण म्हणालाच आहे, त्यालाही मग तुम्हीच उत्तर द्या.

आता चेष्टा बाजूला. नव्याने करायच्या रस्त्यांची यादी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बंद होते. त्यानंतरची यादी तीन वर्षांनी. या वेळी तुमचा रस्ता बसला नाही, तर तीन वर्षं खिडकी बंद. हे मामीला सांगू नका.

*(त्याच पाकिटातून परत आलेली चिठ्ठी: पत्रं मीच फोडते. सांगायची गरज नाही. — मामी)*

---

२४ जानेवारी

मोजपट्टे,

गाडी आली होती! मंगळवारी, सकाळी साडेदहाला. पांढरी, पुढे बंपरखाली डबे लावलेली. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसलो होतो. ही म्हणाली, “अहो, वरात नाहीये ती.” पण मी हललो नाही.

पोरी, माफीबिफीचं नंतर बघू. आधी मला सांग, ती गाडी चालवत कोण होतं?

मी आता रस्त्यावर ड्रायव्हर बघायचं सोडून दिलंय. सगळे स्टिअरिंगला लोंबकळतात. पण हा! आमच्या खिडकीखालचा खड्डा तुला माहीत आहे, त्याच्या पुढे दीड हातावर दुसरा आहे, आणि डावीकडे झाकण खचलेलं गटार. तिथून सायकलवाला उतरून जातो. हा गडी चाळीसच्या वेगाने आला, खड्ड्याच्या आधी पाय नुसता उचलला, पुढचं चाक काठावरून काढलं, मागचं त्याच रेषेत आणलं, गटाराला आणि दुसऱ्या खड्ड्याला मधोमध ठेवून निघून गेला. ग्लासातलं पाणी हललं नाही! मी दोन बोटं लावून बसलो होतो. शपथेवर सांगतो, नाही हललं.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अशी गाडी चालवणारं कुणीतरी अजून आहे. त्याला माझा नमस्कार सांग. आणि आकडा कळव. या वेळी बाराच्या खाली येणार नाही, माझी पैज.

मास्तर

*(कडेला: डोळ्यांत पाणी धुराने आलं. काचेला नाक लावायला ह्यांनी फडकं काढलं होतं. मी दोन दिवस खोकतेय. पण खूश आहेत, म्हणून बोलले नाही. — मामी)*

---

२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा उठून बसले. तिसऱ्यांदा मोटार विभागाच्या शेडमध्ये धावत गेले.

आकडा आलाय दोन पूर्णांक नऊ. आधीपेक्षा चांगला. तुमचा रस्ता आमच्या कागदावर दिवसेंदिवस तरुण होतोय.

आता कारण ऐका. डोळे बंपरखाली आहेत, म्हणजे चाक जिथून जातं तेवढंच त्यांना दिसतं. चाक खड्ड्यात गेलंच नाही, तर यंत्राच्या दृष्टीने खड्डा नाहीच. गाडी सरळ, एका वेगाने, आपल्या रेषेत न्यायची, मध्ये जे येईल ते अंगावर घ्यायचं, असा नियम आहे. आणि आमचा ड्रायव्हर गेली तीन वर्षं प्रत्येक खड्डा चुकवत आलाय. सगळ्या शहरातला.

मी शेडमध्ये त्याला विचारलं, “काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, सरळ चालवायची?” तो म्हणाला, “सांगितलं ना. पण माझे हात ऐकत नाहीत. ज्याने शिकवलं त्याने डॅशबोर्डवर भरलेला ग्लास ठेवला होता.”

मी विचारलं, “तुम्हाला डेपोत काय म्हणायचे?”

“सुई,” तो म्हणाला.

आपलेच दात, मामा, आणि आपलेच ओठ.

तुम्हाला खुर्चीवर बसून वाचायला वेळ मिळावा म्हणून मध्ये ही ओळ मोकळी सोडली असं समजा.

आता माझीही चूक सांगते, म्हणजे हसायला दोघांनाही सारखं मिळेल. गाडी कुठून गेली त्याची रेषा नकाशावर उमटते. तुमच्या रस्त्यावर ती नागासारखी वळवळत होती. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी ती रेषा सरळ केली. पट्टी लावून. मोजपट्टी, तुम्ही म्हणता तशी. सहा महिन्यांत असे एकोणचाळीस रस्ते मी सरळ केलेत. आता सगळे परत काढून बघायचेत, आणि साहेबांना ते सांगायचंय. काल रात्री जेवले नाही.

पण आधी तुमचा. सुईकाका म्हणतात, “मास्तर शेजारी बसून सांगतील तर खड्ड्यात घालीन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने माझे हात वळणार नाहीत.” मी साहेबांची परवानगी घेतलीय. १९ फेब्रुवारी, सकाळी दहा. तुम्ही गाडीत बसायचं, आणि त्याला खड्ड्यात घालायला लावायचं.

येणार ना?

---

६ फेब्रुवारी

नाही जमणार.

सुई माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. नाव मीच ठेवलं, कारण डेपोच्या फाटकातून बस अशी ओवायचा की दोन्ही बाजूंना दोनच बोटं उरायची. त्याला मी काय शिकवलं? बाई मांडीवर मूल घेऊन बसलीय, म्हातारा दांडीला धरून उभा आहे, त्यांना रस्ता कळता कामा नये. आता त्याच्याच शेजारी बसून सांगू, घाल खड्ड्यात?

माझ्या तोंडून ते निघणार नाही. दुसरा ड्रायव्हर बघा.

*(कडेला काही लिहिलेलं नाही.)*

---

११ फेब्रुवारी

मामा,

दुसरा ड्रायव्हर मार्चमध्ये मिळेल. यादी फेब्रुवारीत बंद होते.

या पत्रात चेष्टा नाही, म्हणून लहान आहे.

फडक्याचा रिपोर्ट आला. मला वाटलं होतं, निम्मी तरी माती असेल. माती थोडीच आहे. बाकी डिझेलची काजळी, ब्रेक घासून पडलेली भुकटी आणि टायरचं रबर. मैत्रिणीने समजावलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. गाडी एका वेगाने सरळ गेली की धूर कमी सोडते. ब्रेक मारला की भुकटी पडते. गिअर खाली टाकून परत उचलली की भक्कन धूर येतो. म्हणजे खड्ड्यात पडणाऱ्या गाडीमुळे मामी खोकत नाही. खड्डा चुकवणाऱ्या गाड्यांमुळे खोकते. तुमच्या खिडकीखालून दिवसाला नऊशे गाड्या जातात, सगळ्या शहाण्या, सगळ्या जपून चालवलेल्या.

एवढंच. ताजं फडकं पाठवू नका. कळलं.

---

*(पोस्टकार्ड, शिक्का १४ फेब्रुवारीचा)*

पत्र ह्यांनी वाचलं. आज सकाळी बूट पॉलिश करत होते. कुठल्या कार्यक्रमाला, विचारलं, तर म्हणाले कामावर. एकोणीसला गाडी वेळेवर पाठव. साडेनऊपासून खाली जाऊन उभे राहणार, मला माहीत आहे. — मामी

---

२१ फेब्रुवारी

मोजपट्टे,

तू मागे बसली होतीस, पण तुझं नाक यंत्राच्या पडद्यात होतं. पुढच्या सीटवर काय झालं ते तुला सांगतो.

सुईचे केस पांढरे झालेत. मला बघून उतरला आणि उभा राहिला, तपासणीला उभा राहायचा तसा. मी म्हटलं, “टायरची हवा बघितलीस?” म्हणाला, “बघितली, मास्तर.” तेवढं बोलून आम्ही बसलो.

पहिल्या फेरीत खड्डा आला आणि त्याने चुकवला. मी म्हटलं, “सुई, घाल.” तो म्हणाला, “घालतोय, मास्तर.” पुढचा आला, तोही चुकवला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. लोखंड! तो मुद्दाम करत नव्हता गं. त्याच्या कपाळाला घाम होता. माझंच शिकवणं त्याच्या हातात बसलेलं, आणि मीच ते ओढून काढायला आलेलो.

मग मी पिशवीतून ग्लास काढला. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला तहान लागली. काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला. त्याने ग्लासकडे बघितलं. तो लगेच ओळखला त्याने, काठाला पोचा आहे ना.

मी म्हटलं, “सुई, आज हा सांडायचा. सांडला नाही, तर फेरी पहिल्यापासून.”

बिचारा हसायला लागला. हसता हसता त्याचे हात सैल झाले. आणि घातलं की चाक! धाडकन. ग्लास उडून माझ्या पॉलिश केलेल्या बुटावर. मी ओरडलो, “शाब्बास! पुढचा!” तो म्हणाला, “मास्तर, लागलं का?” मी म्हटलं, “लागू दे, पुढचा!” सगळा रस्ता आम्ही दोघं खड्डे शोधत गेलो, शाळा चुकवलेल्या पोरांसारखे. तू मागून “वेग, वेग, चाळीस ठेवा” ओरडत होतीस असं सुई म्हणाला. मला ऐकू आलं नाही. माझा एवढा एकच फायदा आहे.

आठ पूर्णांक सहा! बारा नाही आला, पैज हरलो. पण सहाच्या वर आहे ना? मग यादीत घाल.

एक गोष्ट तुला लिहितो, हिला सांगू नकोस. (तीच आधी वाचणार, तरी.) एकतीस वर्षं मी गाडीतल्या एकाही माणसाच्या हातातला चहा सांडू दिला नाही. गाडीतली माणसं मला दिसत होती, आरशात. ज्या खिडक्यांखालून मी गिअर टाकत गेलो, त्या आरशात येत नव्हत्या. तिथेही कुणी शिवत बसलं असेल, कुणी फडकं लावलं असेल. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही पुढे कुणाला शिकवलं नाही.

साहेबाला एकोणचाळीस रस्त्यांचं सांगितलंस का? सांगून टाक. मी सांगू शकलो, तर तू का नाही?

मास्तर

*(कडेला: वाचलं. — मामी)*

---

१६ एप्रिल

मामा, मामी,

सोमवारपासून तुमचा रस्ता उखडणार! यादीत चौथा नंबर. वर नवा थर पडेल, खचलेलं गटाराचं झाकणही बदलतील. दोन-तीन दिवस गरम डांबराचा वास येईल, तेवढे दिवस खिडकी अजिबात उघडू नका. मग उघडा.

एक सूचना: रस्ता गुळगुळीत झाला की लोक जोरात जातात. तुमच्या बाजूला वेगाची पाटी लावायला सांगितलीय. मामा, पाटी लागेपर्यंत खिडकीतून कुणाला गिअर शिकवू नका.

साहेबांना सांगितलं. वाटलं होतं, आता घरी बसवतील. ते त्या वळवळत्या रेषांवरून बोट फिरवत गेले आणि म्हणाले, “म्हणजे या रेषा जिथे वळतात तिथे खड्डा आहे, असंच ना?” मामा, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सुईकाकांनी तीन वर्षं सगळ्या शहरातल्या खड्ड्यांचा नकाशा काढून ठेवलाय, आणि मी तो खोडत बसले होते. एकोणचाळीस रस्ते परत मोजायचेत. सुईकाका म्हणतात, ग्लासवाले मास्तर हवेत. दर बुधवारी. याल का?

खिडकी उघडल्यावर लगेच कळवा. लांबलचक पत्र हवंय मला.

---

९ मे

मोजपट्टे,

रस्ता चांगला केलाय. खिडकी उघडली. हिचा खोकला कमी आहे. ग्लास हलत नाही. बुधवारचं बघतो.

बाकी ठीक.

मास्तर

---

१४ मे

मामी,

हे पत्र फक्त तुला. ‘बाकी ठीक’ म्हणजे काय? या माणसाने माझ्या यंत्राला शिव्या द्यायला दोन पानं घेतली होती, आणि खिडकी उघडली ते अर्ध्या ओळीत? मला वाटलं होतं, मिरवणूक काढतील. रस्त्यात काही खोट राहिलीय का? माझ्यापासून लपवतायत का? त्यांना न दाखवता लिही.

---

२० मे, बुधवार

बाळा,

खोट काही नाही. सकाळी सात वाजता खिडकी उघडते ती दिवे लागेपर्यंत. मशीनवर ऊन येतं. ट्यूब बंद असते. फळीवरून बोट फिरवलं की बोट बोटासारखंच राहतं. त्या निळ्या पँटवाल्याला बोलावून टीप उसवून परत मारून दिली, निळ्या दोऱ्याने. तो म्हणाला, मला कळलंच नव्हतं. म्हटलं, मला कळलं होतं.

तुझे मामा तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. तुम्ही दोघं त्या ग्लासाला मोजमाप समजलात. त्यांनी तुला तसं सांगितलं, आणि तू मानलंस. तो त्यांचा कान होता गं. चार वर्षं त्यांना जवळ बसून बोललेलं तेवढं कळतं, रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही, पण त्या पाण्याला बोटं लावून त्यांना रस्ता ऐकू यायचा. ही बस, हा ट्रक, हा आपल्या डेपोचा दिसतोय, ह्याचा क्लच गेलाय. दिवसभर त्यांची सोबत व्हायची. ज्या दिवशी रस्ता उघडला, ते फडक्याने ग्लास पुसून, भरून बसले. डोळे मिटून दोन बोटं लावली. खालून गाड्यांची रांग चाललेली. तासाभराने मला म्हणाले, “आज संप आहे का?”

मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

त्यांना माहीत होतं, असं होणार. त्या दिवशी बूट पॉलिश करताना मी विचारलं होतं, “रस्ता गुळगुळीत झाला की तुम्ही काय करणार?” तर म्हणाले, “तू खिडकीत बस, मी आत बसेन.” एवढंच.

पण मी त्यांना आत बसू देईन होय? खुर्ची मशीनच्या बाजूला ओढून घेतलीय. शिवता शिवता मी कात्रीने खुर्चीच्या हातावर ठोके देते. एक ठोका म्हणजे बस. दोन म्हणजे ट्रक. तीन म्हणजे गप्प बसा, फार मोठ्याने बोलताय, अख्खा रस्ता वर बघतोय. तिसरा सगळ्यात जास्त लागतो. काल एक ठोका दिला तर म्हणाले, “कितव्या गिअरमध्ये?” मी म्हटलं, मला काय माहीत, मी शिंपीण आहे. तर म्हणाले, “शिकवतो.” आता मला क्लच कळायला लागलाय. हे वय आहे का?

ग्लासातलं पाणी मी पिऊन टाकते. नुसतं कशाला ठेवायचं?

आज बुधवार. हे त्या एकोणचाळीस रस्त्यांसाठी निघतायत. पहिल्यांदा नको म्हणत होते, मग सकाळपासून बूट शोधत होते. मीही जाणार आहे, मागच्या सीटवर, तुझ्या शेजारी. तुझ्या साहेबांना विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तुझं यंत्र खाली बघतं, हे समोर बघतात, सुई ह्यांच्याकडे बघतो. मी वर बघेन. कुठल्या रस्त्यावर किती खिडक्या बंद आहेत ते मी मोजणार आहे. मला ते लांबून कळतं. फटीत फडकं असतं.

तो आकडा तू तुझ्या आकड्याशेजारी लिहायचा. कुठल्या रकान्यात, ते तू बघ. शिकलेली आहेस.

हे पत्र आता हातातच देईन. पण गाडीत वाचू नकोस, उलटी होईल. आणि उत्तर तर नकोच.

सुई खाली हॉर्न वाजवतोय. ह्यांना ऐकू येणार नाही, जिन्यात उभे राहून वाट बघत असतील. चल, मलाच जायला हवं.

खिडकी उघडी ठेवून निघते.